आजी कुठली?

१४ ऑक्टोबर २०२३. शनिवार, सर्वपित्री अमावस्या, आणि अहमदाबादला भारत-पाकिस्तान. माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. पाटावर मांडी घालून तर्पण करणं शक्यच नव्हतं, ते धाकट्या भावानं उरकलं आणि खीर-वड्यांचा डबा आमच्याकडे पाठवला. पाकिस्तान १९१ला आटपलं, आपण सात विकेट राखून जिंकलो, सोसायटीच्या गेटाशी फटाके वाजले, आणि रात्र पुरती पडायच्या आतच दिवसाचा सगळा कार्यक्रम संपला. मग पुढे काय? प्लास्टरच्या आत खाज, डोक्यात विजयाची भणभण, झोपेचा पत्ता नाही.

एडिंबरात दोन वर्षं शिकून आलेला भाचा त्या रात्री मुक्कामाला होता. साडेबाराला तो लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला. ‘‘मामा, जागाच आहेस ना? मग हे बघ. आयर्लंड-न्यूझीलंड. वर्ल्डकपची क्वार्टर फायनल. नाही आवडलं तर झोपेची गोळी समज.’’

रग्बी म्हणजे अंड्यासारख्या चेंडूवरून होणारी मारामारी, एवढंच माझं ज्ञान. पंधरा-पंधरा जण, चेंडू हातानं पुढे द्यायचा नाही, फक्त मागे किंवा बाजूला. पुढे जायचं ते स्वतःच्या पायांनी, समोरच्याला धडकून. पलीकडच्या रेषेच्या आत चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. वर किक मारून आणखी दोन. भाच्यानं एवढंच सांगितलं आणि गप्प बसला. मला लगेच कबड्डी आठवली. चार जण पायाला लोंबकळत असताना मधल्या रेषेवर बोट टेकवायला चढाईवाला जसा लांब होतो, तसंच हे. फक्त इथे शंभर-शंभर किलोची माणसं, आणि ऐंशी मिनिटं.

काय सांगू! सतरा सामने सलग जिंकून आलेलं आयर्लंड, जगात पहिल्या क्रमांकावर. न्यूझीलंड पुढे गेलं. मग आयर्लंडच्या बारा नंबरच्या जर्सीतल्या एका ठेंगण्या-ठुसक्या गड्यानं चेंडू घेतला आणि तो लोकलच्या दारातल्या गर्दीतून आपण वाट काढतो तसा, एकाला खांद्यानं, दुसऱ्याला हुलकावणीनं चुकवत थेट आत. मी प्लास्टरसकट उठायला गेलो. ‘‘कोण रे हा?’’

‘‘बंडी आकी.’’

‘‘हे आयरिश नाव?’’

‘‘नाही मामा, सामोअन. जन्म ऑकलंडचा. न्यूझीलंडचा.’’

‘‘मग न्यूझीलंडविरुद्ध कसा?’’

‘‘थांब, अजून आहे.’’

मध्यंतराच्या तोंडावर आयर्लंडचा दुसरा ट्राय. जेमिसन गिब्सन-पार्क. माओरी, न्यूझीलंडच्या ग्रेट बॅरियर बेटावर जन्मलेला. म्हणजे त्या रात्री आयर्लंडच्या ज्या दोन माणसांनी न्यूझीलंडच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, ती दोघंही न्यूझीलंडमध्येच जन्मलेली! तिसरा झाला तो पेनल्टी ट्राय, तो पंचांच्या निर्णयाचा, त्यावर कुणाचं नाव नसतं. आणि न्यूझीलंडचा पहिला ट्राय करणारा? लेस्टर फाइंगाआनुकू, जन्म टोंगा. बाप टोंगाकडून १९९९चा वर्ल्डकप खेळायला ब्रिटनमध्ये होता तेव्हा हा जन्मला, म्हणून बाळाच्या पूर्ण नावात वेल्सही आहे आणि ट्विकनम हे स्टेडियमही आहे. आपल्याकडे वानखेडेवर सामना चालू असताना मुलगा झाला म्हणून कुणी ‘वानखेडे’ असं नाव ठेवेल का?

शेवटची पाच मिनिटं. न्यूझीलंड २८, आयर्लंड २४. चेंडू आयर्लंडकडे. तो जमिनीला टेकून अडकला किंवा हातातून निसटला की खेळ खलास, म्हणून पडायचं, चेंडू मागे द्यायचा, पुढच्यानं उचलून पुन्हा धडक द्यायची. याला फेज म्हणतात. दहा झाल्या. वीस झाल्या. भाचा मोजत होता, मी डब्यातला उरलेला थंड वडा हातात धरून तसाच बसलो होतो. सदतीस. सदतीस वेळा ती माणसं उठली आणि पडली, आणि सदतिसाव्या वेळी न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकनं त्या ढिगाऱ्यात हात घालून चेंडू धरला. संपलं. आयर्लंडचा कप्तान जॉनी सेक्स्टन, त्याची कारकीर्दही तिथेच संपली.

मला तर पहाटेपर्यंत झोप नाही. सामन्यामुळे नव्हे. त्या एका प्रश्नामुळे. हा खेळाडू या देशाचा हे ठरवतं कोण?

सकाळी घटस्थापना. बायको देव्हाऱ्याशी, आणि मी भाच्याच्या मागे. त्यानं वर्ल्ड रग्बीचा आठव्या क्रमांकाचा नियम काढून दिला. मी आयुष्याची अडतीस वर्षं बँकेत घालवली. सर्क्युलर वाचायची सवय, नव्हे, चटक आहे. पण असलं सुंदर सर्क्युलर वाचल्याचं आठवत नाही. तुमचा जन्म ज्या देशातला, त्याच्याकडून खेळा. किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म जिथला, तिकडून. किंवा चार आजी-आजोबांपैकी कुणा एकाचा जिथला, तिकडून. यातलं काहीच नसेल तर, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, त्या देशात सलग पाच वर्षं राहा, किंवा तुकड्यातुकड्यांनी मिळून दहा वर्षं. पूर्वी सलग तीन पुरत. बस्स. नागरिकत्व कुठलं, पासपोर्ट कुठला, याची पंधरा जणांच्या खेळात अटच नाही!

अहो, हे तर आपलं रेल्वेच्या डब्यातलं संभाषण झालं. ‘तुम्ही कुठले?’ ‘डोंबिवली.’ ‘नाही, मूळचे?’ ‘राजापूर.’ ‘आणि आजोळ?’ जन्मगाव, मूळ गाव, आजोळ, राहतं गाव. आपण अनोळखी माणसाला पाच मिनिटांत जे चार प्रश्न विचारतो, तेच चार प्रश्न विचारून रग्बी राष्ट्रीय संघ निवडतं. जगातल्या इतक्या खेळांत मला आजोळाकडून खेळू देणारा हा एक खेळ सापडला आणि तो मला बासष्टाव्या वर्षी, पाय मोडल्यावर सापडावा! (फुटबॉलमध्येही आजी-आजोबा चालतात, पण तिथे पासपोर्टही दाखवावा लागतो, असं भाच्यानं लगेच सुनावलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

‘‘म्हणजे तू आमच्याकडून खेळू शकतोस,’’ मी म्हटलं.

‘‘मी तर जन्मानंच तुमचा, मामा. आई बाळंतपणाला इथेच आली होती की.’’

खरंच की. पहिलं बाळंतपण माहेरी करायच्या आपल्या रिवाजामुळे अर्ध्या महाराष्ट्राचा जन्मदाखला आजोळचाच आहे. फक्त पणजोबा नाहीत. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात, रग्बी दोनवर थांबतं.

सुरुवातीला मला हे सगळं भाडोत्री वाटलं, खोटं कशाला बोलू? पैसे दिले, तीन वर्षं घर दिलं, जर्सी घातली, झाला आयरिश! भाचा वाद घालत बसला नाही. त्यानं आकीची हकीगत सांगितली. न्यूझीलंडमध्ये रग्बीनं धड पोट भरेना म्हणून हा बँकेच्या काउंटरवर कॅशियरचं काम करत होता. तिथून पुन्हा मैदानावर, आणि २०१४मध्ये आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, पावसाळी गॉलवेला, कॉनॉटच्या संघात. तीन वर्षं भरल्यावर २०१७मध्ये आयर्लंडची जर्सी. मी तिथेच विरघळलो. काउंटरवर बसून बंडलं मोजलेला माणूस! नोटा मोजताना अंगठ्याला जी सवय लागते ती यालाही असणार. त्यानंतर कुणी त्याला माझ्यासमोर भाडोत्री म्हणून दाखवावं.

पुढचे तीन आठवडे मी प्लास्टर उशीवर ठेवून जागलो. सगळ्यांत वेड लावलं ते घराण्यांनी. सामोआचे तुइलागी. पाच भाऊ सामोआकडून खेळले आणि सहावा, मनू, धाकटा, इंग्लंडकडून. पोरगा असताना सुट्टीच्या व्हिसावर भावांकडे आला आणि तिथेच राहिला. २०१०मध्ये त्याला परत पाठवायची वेळ आली होती, ती कशीबशी टळली. पुढे त्यांच्यातल्या हेन्रीचा मुलगा पोसोलो फेब्रुवारी २०२४मध्ये फ्रान्सकडून उतरला. म्हणजे काका इंग्लंडचा, बाप सामोआचा, पोरगा फ्रान्सचा! गणपतीला एकत्र जमले तर आरती कुठल्या भाषेत म्हणतील?

आणि टोंगाचे वुनिपोला. बाप टोंगाचा कप्तान. एक मुलगा वेलिंग्टनला जन्मला, दुसरा सिडनीला, दोघं वाढले वेल्समध्ये आणि खेळले इंग्लंडकडून. त्यांचा चुलत-मावस कुठला तरी भाऊ (ही नाती मला वहीत काढावी लागली) तॉलुपे फालेताउ, जन्म टोंगाचा, खेळला वेल्सकडून. बाप लोक १९९९च्या वर्ल्डकपच्या काळात टोंगाच्या एकाच जर्सीत, आणि पोरं इंग्लंड-वेल्स सामन्यात एकमेकांवर धडका देतायत. आपल्याकडे भाऊबंदकी बांधावरून होते. यांची ऐंशी हजार लोकांसमोर होते आणि नंतर सगळे मिळून जेवतात.

आता बँकवाल्याला भुरळ घालणारा भाग. केवायसी! एवढा उदार नियम म्हटल्यावर कागदांचा घोळ होणारच. २०००मध्ये वेल्सचे दोन खेळाडू अडकले. त्यातला शेन हॉवर्थ, न्यूझीलंडकडून आधीच खेळलेला, म्हणे आजोबा कार्डिफचे. कागद मिळेना. दुसरा ब्रेट सिंकिन्सन, आजोबा कार्मार्थनचे, म्हणजे वेल्सचे. निघाले ओल्डमचे, म्हणजे इंग्लंडचे. त्याच झटक्यात स्कॉटलंडचा डेव्हिड हिल्टन सापडला. एकेचाळीस सामने खेळून झाल्यावर कळलं की एडिंबरात जन्मलेले समजले जाणारे आजोबा ब्रिस्टलला जन्मले होते. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला नाव दिलं ‘ग्रॅनीगेट’. घोळ सगळा आजोबांचा, बदनामी आजीची! हिल्टननं मात्र निमूट स्कॉटलंडमध्ये राहून मुदत भरली आणि २००२मध्ये पुन्हा एकदा ती जर्सी घातली. खातं गोठलं होतं, रीतसर कागद देऊन चालू करून घेतलं. याला म्हणतात ग्राहक.

त्याहून मोठा धमाका स्पेनचा. २०२३च्या वर्ल्डकपला स्पेन पात्र ठरलं होतं, खेळाडू नाचले होते. आणि एप्रिल २०२२मध्ये निकाल आला की दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला त्यांचा एक खेळाडू राहण्याच्या मुदतीत बसतच नव्हता, आणि जमा केलेल्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार होता. नेदरलँड्सविरुद्धच्या दोन सामन्यांत तो खेळला, दहा गुण कापले, स्पेन बाहेर. झेरॉक्सवर विसंबलं की हे होतं. ‘मूळ प्रत दाखवा’ म्हणून मी किती लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत! आणि स्पेनला हा पहिला धडा नव्हता. २०१८मध्येही स्पेन, रोमानिया आणि बेल्जियम या तिघांचे गुण अपात्र खेळाडूंपायी कापले गेले होते आणि रशियाला घरबसल्या वर्ल्डकपचं तिकीट मिळालं होतं.

पण पुढे काय झालं ते ऐका. स्पेन गेलं म्हणून रोमानिया वर सरकलं, रोमानिया सरकलं म्हणून पोर्तुगालला शेवटच्या पात्रता फेरीचा दरवाजा उघडला. नोव्हेंबर २०२२, दुबई, समोर अमेरिका. बरोबरी झाली तरी पुरणार होतं. अगदी शेवटच्या किकवर सामुएल मार्केसनं १६-१६ केलं आणि पोर्तुगाल वर्ल्डकपला. आणि वर्ल्डकपमध्ये, तुलूजला, त्यांनी फिजीला २४-२३ हरवलं. तेच फिजी, ज्यांनी त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला धूळ चारली होती! पोर्तुगालचा वर्ल्डकपमधला हा पहिलावहिला विजय, आणि विजयाचे शेवटचे दोन गुण पुन्हा मार्केसच्या बुटातून. हा मार्केस फ्रान्समध्ये वाढलेला, तिथल्याच क्लबांत घडलेला. त्या संघात असे कितीतरी. पोटापाण्यासाठी पोर्तुगालहून फ्रान्सला गेलेल्या कुटुंबांची पोरं आणि नातवंडं, आजीचं गाव सांगत परत आलेली. माझ्या म्हापशाच्या एका जुन्या सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो खो-खो हसला. १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांचे दाखले शोधत पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे धावणारी अर्धी आळी त्यानं पाहिली होती. ‘‘आमी फकत फुटबॉल खेळतात रे,’’ म्हणाला.

हे सगळं गोड गोड नाही, हे मला हळूहळू कळलं. हॉवर्थच्या काळानंतर नियमाला एक जबडा फुटला होता. एकदा एका देशाच्या मुख्य संघाकडून मैदानावर उतरलात, एखादं मिनिट का होईना, की जन्मभर त्याच देशाचे. आता टोंगा म्हणजे लाखभर वस्ती, आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. तिथली चपळ पोरं न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात जायची, चार-दोन सामन्यांना घेतली जायची आणि मग बाजूला. ना इकडची, ना तिकडची. टोंगाला तिशीतल्या त्या खेळाडूंची गरज, ती क्लबातून पैसे कमावत बसलेली, आणि नियम आडवा. अखेर नोव्हेंबर २०२१मध्ये वर्ल्ड रग्बीनं दार किलकिलं केलं. तीन वर्षं कुठल्याच देशाकडून खेळला नसाल, आणि दुसरा देश तुमच्या जन्माचा किंवा आई-बापाच्या, आजी-आजोबांच्या जन्माचा असेल, तर आयुष्यात एकदा बदलता येईल. १ जानेवारी २०२२पासून लागू.

आणि मग ती माणसं परतली! चार्ल्स पिउटाउ, न्यूझीलंडकडून सतरा सामने, भाऊ टोंगाचा कप्तान होऊन गेलेला. तो टोंगाच्या लाल जर्सीत. मालाकाई फेकितोआ, २०१५चा विश्वविजेता, जन्मानंच टोंगाचा, तोही. सामोआकडे न्यूझीलंडचा लिमा सोपोआगा, न्यूझीलंडकडूनच पन्नास सामने खेळलेला चार्ली फाउमुइना, ऑस्ट्रेलियाचा क्रिस्टियन लेअलीफानो. मला वाटलं, झालं, आता जग उलटंपालटं होणार.

नाही झालं. २०२३च्या वर्ल्डकपमध्ये टोंगानं आयर्लंडकडून ५९ गुण खाल्ले, स्कॉटलंडकडून ४५, दक्षिण आफ्रिकेकडून ४९. हरवलं ते फक्त रोमानियाला. सामोआनं मात्र लीलला इंग्लंडला रडवलं. १७-८ पुढे होते, आणि शेवटच्या दहा मिनिटांत १७-१८. हा होऊन गेलेला सामना नंतर लॅपटॉपवर बघताना मी उशीवर बुक्क्या मारल्या. भाच्याचं म्हणणं, आकी आणि गिब्सन-पार्क वर्षानुवर्षं त्याच आयरिश क्लबांत, त्याच प्रशिक्षकांखाली रोज सराव करत होते, आणि पिउटाउ-सोपोआगा जगभरातल्या क्लबांतून काही आठवड्यांपुरते एकत्र आलेले. लग्नघरी ऐनवेळी पोचलेल्या पाहुण्यांना वाढपाला उभं केल्यासारखं. मला हे पटलं. दाखल्यावर पात्रता मिळते, चेंडू मागे कोण उभा आहे ते न बघता टाकता येतो तो एकत्र राहूनच. म्हणून मला राहत्या गावाचा नियम आता रक्ताच्या नियमाइतकाच खरा वाटतो. आपल्याकडचे चाळीत वाढलेले लोक हे लगेच ओळखतील.

फेब्रुवारी २०२४. प्लास्टर निघून काठी आलेली. भाच्याचा फोन, ‘‘शनिवारी कलकत्ता कप आहे.’’ मी म्हटलं, घोड्यांची शर्यत? तर नाही! २५ डिसेंबर १८७२, नाताळाच्या दिवशी कलकत्त्यात गोऱ्यांचा रग्बी सामना झाला, वीस जण इंग्लंडचे आणि समोर स्कॉटलंड-आयर्लंड-वेल्स मिळून वीस. त्यातून क्लब निघाला. पुढे बारमधली फुकटची दारू बंद झाली आणि सभासद गळाले, अशी कथा आहे. १८७८मध्ये क्लब मोडला तेव्हा खात्यातली शिल्लक त्यांनी चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये, आणि ते वितळवून कप घडवला. मुठी म्हणून तीन नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड-स्कॉटलंड १८७९पासून त्याच्यासाठी झगडतायत. खातं बंद करताना शिल्लक रकमेचा याहून चांगला विनियोग माझ्या ऐकिवात नाही. (१९८८मध्ये दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूनं रात्री एडिंबराच्या रस्त्यावर तो कप चेंडूसारखा लाथाडून चेपवला होता. आपले रुपये!)

त्या शनिवारी मरेफील्डवर स्कॉटलंड ३०, इंग्लंड २१. एकट्या डुहान व्हान डर मर्वेचे तीन ट्राय. जन्म दक्षिण आफ्रिकेचा, सख्खा भाऊ दक्षिण आफ्रिकेकडून खेळलेला, हा मुदत भरून स्कॉटिश झालेला. भारतीय रुपयांचा कप, आफ्रिकेत जन्मलेला गडी, स्कॉटलंडचा विजय, आणि डोंबिवलीत एक म्हातारा काठी उंचावून नाचतोय. बायकोनं दार लोटून घेतलं.

जूनमध्ये क्रिकेटचा टी-ट्वेंटी वर्ल्डकप आला आणि माझ्या लक्षात आलं की मी बदललोय. आपला सौरभ नेत्रावळकर, मुंबईचा पोरगा, मुंबईकडून रणजी खेळलेला, भारताकडून १९ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलेला, अमेरिकेकडून गोलंदाजी करत होता. न्यूयॉर्कला त्यानं विराटला पहिल्याच चेंडूवर काढलं, मग रोहितला. खोलीत सन्नाटा. मी एकटा टाळ्या वाजवत होतो. ‘‘राहत्या गावाकडून खेळतोय तो,’’ मी भावाला समजावलं. भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय सांगणार, की आपल्या देशाचा नियम नेमका उलटा आहे, भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा, आजी रत्नागिरीची असून भागत नाही.

२ ऑक्टोबर २०२४, पुन्हा सर्वपित्री. या वेळी पाय धड, पाटावर मी. गुरुजी एकेक नाव, गोत्र विचारत गेले. पितामहीचं नाव सांगितलं, आणि हातातलं पाणी सोडता सोडता चमकलो. आजीचं नाव माहीत आहे, गोत्र माहीत आहे. आजी कुठली?

मला आठवते ती राजापूरच्या पडवीत बसलेली, नऊवारीतली. चिडली की आम्हा पोरांना ‘चऱ्या कुठचा!’ म्हणायची. तो शब्द गावात दुसऱ्या कुणाच्याच तोंडी नव्हता. आम्ही समजायचो, हिच्या माहेरचा असेल, देवगडकडचा वगैरे. माहेर कुठलं, हे कुणी विचारलं नाही. सासरी आलेल्या बाईला कोण विचारतं?

जेवणं झाल्यावर आत्याला फोन लावला. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कान कमी, स्मरण लख्ख.

‘‘आत्या, आजी जन्मली कुठे?’’

‘‘कुठे म्हणजे? कराचीला. तिचे वडील बंदरात कारकून होते. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होतं रे. तिला सिंधी यायचं की. ‘चऱ्या’ कुठून आलं वाटतं तुला? का रे, आज एकदम?’’

मी ‘सहज’ म्हणालो आणि भाच्याला फोन केला. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, ‘‘मामा, पाकिस्तान रग्बी युनियन वर्ल्ड रग्बीचं सभासद आहे.’’

‘‘म्हणजे मी...’’

‘‘पात्र. आणि मी?’’

‘‘तू नाहीस. तुझी ती पणजी.’’